गोळी लागू पडली, पण मुलाला ती नको आहे

पत्राचा गोषवारा : एका आईनं लिहिलंय. मुलगा १७ वर्षांचा, मुलगी २१ वर्षांची. गेल्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी, लहानपणापासूनची अवस्था) असल्याचं निदान केलं आणि मेथिलफेनिडेट या उत्तेजक औषधाची दिवसभर पुरणारी गोळी सुरू केली. निदानाच्या वेळी वडिलांचा कडाडून विरोध होता, 'माझा मुलगा काय वेडा आहे का' इथपर्यंत. पण काही महिन्यांत गुण वाढले, शाळेतून तक्रारी यायच्या थांबल्या आणि आता गोळीची बाजू सगळ्यांत जोरात तेच मांडतात. आई रोज सकाळी गोळी मुलाच्या हातावर ठेवते. मध्यंतरी बाटलीत दोन-तीन गोळ्या कमी भरल्या. मुलगा मित्रांना विकतो की काय या धास्तीनं तिनं त्याचं कपाट उपसलं. जुन्या कंपासपेटीत, कोनमापकाखाली, कागदात गुंडाळलेल्या डझनाहून जास्त गोळ्या निघाल्या. काहींचा वरचा रंग पुसट झालेला, म्हणजे तोंडात घालून परत काढलेल्या. विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, "गोळी घेतली की मी मी राहत नाही. मित्र म्हणतात, तू बोअर झालास." बाटलीतून कमी झालेल्या गोळ्यांचा उलगडा मुलीनं स्वतःहून केला. प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या रात्री आणि नंतर पुन्हा एकदा तिनं भावाची गोळी घेतली होती. "आयुष्यात पहिल्यांदा सलग बसून काम झालं, म्हणजे मलाही एडीएचडीच आहे," असं ती म्हणते. या विषयावरचे छोटे छोटे व्हिडिओ ती कितीतरी दिवस पाहतेय. वडिलांचं म्हणणं : मुलानं परीक्षेपर्यंत गप्प गोळी घ्यावी, मग हवी तर सोडावी, आणि मुलीचं हे निव्वळ खूळ आहे. आई विचारते, मुलाला गोळी घ्यायला कसं लावू? आणि मुलीचं कितपत खरं मानू?

ताई,

मुलगा गोळ्या विकत नाही हे कळल्यावर तुमच्या जिवात जीव आला असणार. तुमची शंका अगदीच अनाठायी नव्हती. ही औषधं बहुतेक देशांत नियंत्रित यादीत मोडतात आणि परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांमध्ये ती हातोहात फिरतात. त्यामुळे कपाट उपसल्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. पुन्हा मात्र उपसू नका. यापुढे जे करायचं ते मुलगा तुमच्याशी खरं बोलला तरच जमणार आहे, आणि झडतीची भीती असलेला मुलगा फार तर लपवायची जागा बदलेल.

त्याला गोळी घ्यायला कसं लावू, हा तुमचा पहिला प्रश्न. मला वाटतं तो बदलून घ्यायला हवा. मुलगा १७ वर्षांचा आहे. थोड्याच दिवसांत डॉक्टर थेट त्याच्याशी बोलायला लागतील, औषधाची चिठ्ठी त्याच्या हातात देतील. शिक्षणासाठी तो घराबाहेर पडला की सकाळी हातावर गोळी ठेवायला तुम्ही तिथे नसाल. आज जीभ वर करायला लावून गोळी गिळवलीत तरी ते फार तर परीक्षेपर्यंत टिकेल. या वयात हे औषध मध्येच सोडणारी मुलं भरपूर असतात, आणि त्यातली कितीतरी डॉक्टरांना पत्ता लागू न देता सोडतात. तेव्हा तुमच्या मुलानं काही आक्रीत केलेलं नाही. हातात आहेत ते महिने, आपल्याला नेमकं काय होतं आणि गोळीनं त्यातलं काय बदलतं हे त्याचं त्याला उमजावं, यासाठी वापरा. ते उमजल्यावर तो घेईल किंवा घेणार नाही. समजून-उमजून गोळी नाकारणारा मुलगा मला ती लपवून टाळणाऱ्यापेक्षा कधीही परवडेल.

पत्र वाचताना एक गोष्ट जाणवली. गोळी एकच, पण घरातल्या प्रत्येकानं तिच्यावरून आपापला निकाल लावून टाकलाय. बाबांनी गुणपत्रिका पाहिली आणि औषध उत्तम ठरवलं. मुलानं मित्रांचे चेहरे पाहिले आणि औषध वाईट ठरवलं. मुलीनं एका रात्रीतलं काम पाहून स्वतःचं निदान केलं. तुम्ही कंपासपेटी उघडलीत आणि आई म्हणून आपण कुठेतरी कमी पडलो असं धरून बसलात. चौघांनीही पाहिलं ते खरंच आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र तपासावे लागतील.

बाबांपासून सुरू करू, कारण त्यांचं म्हणणं वरकरणी सगळ्यांत व्यवहारी वाटतं. परीक्षेपर्यंत घे, मग सोड. पण एडीएचडी म्हणजे अभ्यासात लक्ष न लागणं एवढंच असतं, तर ते डॉक्टरांपर्यंत गेलंच नसतं. निदान करताना त्रास किमान दोन ठिकाणी दिसतो का हे पाहिलं जातं : शाळेतही, घरीही, मित्रांतही. वस्तू हरवणं, वेळेचं भान सुटणं, समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी बोलणं, मनात आलं की करून मोकळं होणं, हे परीक्षा संपली म्हणून संपत नाही. उद्या तो गाडी चालवायला शिकेल. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एडीएचडी असलेल्या पुरुषांमध्ये, औषध चालू असलेल्या काळात गंभीर वाहन अपघातांचं प्रमाण कमी आढळलं. गुणपत्रिकेत हे कुठेच उमटत नाही. तेव्हा गोळी हवी असेल तर ती नुसत्या परीक्षेसाठी नसेल, आणि नको असेल तर परीक्षा हे ती लादण्याचं कारण होऊ शकत नाही.

गोळीकडून अपेक्षा किती ठेवायची, हेही बाबांना सांगायला हवं. अमेरिकेत ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. १४ महिन्यांनंतर, काळजीपूर्वक डोस ठरवून औषध दिलेल्या मुलांची मुख्य लक्षणं नुसते वर्तनोपचार मिळालेल्या मुलांपेक्षा जास्त कमी झाली होती. औषधाच्या बाजूनं हा फार मोठा पुरावा मानला जातो, आणि तो आहेच. पण त्याच मुलांकडे तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटागटांतला फरक विरून गेला होता. तोवर अनेकांचे उपचार बदलले होते, कुणी गोळी सोडली होती, कुणी नव्यानं सुरू केली होती, त्यामुळे गोळी कुचकामी असा अर्थ यातून निघत नाही. वर्षभर नीट घेतलेली गोळी पुढच्या वर्षांची तजवीज आपोआप करून ठेवत नाही, एवढं मात्र दिसतं. ती घेतली त्या दिवशी काम करते. त्या दिवसांत तो काय शिकतो, कामाची यादी करायला, झोपेची वेळ पाळायला, मोठं काम तुकड्यांत तोडायला, ते त्याच्यापाशी राहतं.

बाबांबद्दल आणखी एक. त्यांनी एकदा आपलं मत बदललं, याचं मला कौतुक आहे. कितीतरी घरांत तेही होत नाही. पण मुलाच्या कानांनी हे ऐकून पाहा. आधी त्यानं ऐकलं, गोळी घेणं म्हणजे वेडं असणं. मग ऐकलं, गोळीमुळे गुण आले. एकदा गोळीला दोष, एकदा गोळीला श्रेय. रात्र रात्र बसून अभ्यास कुणी केला? त्याचं नाव यात कुठेच नाही. ज्या घरात हे औषध चालू आहे तिथे दोन वाक्यं सहज तोंडातून जातात. मुलगा चिडला की "आज गोळी घेतली नाहीस का?" आणि काही छान केलं की "बघ, गोळी घेतल्यावर कसं जमतं!" ही दोन्ही वाक्यं आजपासून बंद करा. कंपासपेटीतल्या गोळ्यांमागे मित्रांइतकाच या वाक्यांचा हात असावा असा माझा संशय आहे.

आता खुद्द मुलाकडे. 'मी मी राहत नाही' याला तुम्ही हट्ट समजताय, बाबा सबब समजतात. डॉक्टरांच्या दृष्टीनं ही रुग्णाची तक्रार आहे आणि ती जशीच्या तशी त्यांच्यापर्यंत जायला हवी. मेंदूतल्या पेशी डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही दोन रसायनं सोडतात आणि परत शोषूनही घेतात. मेथिलफेनिडेट हे परत शोषणं अडवतं, त्यामुळे ती जास्त वेळ कामाला येतात. डोस बरोबर बसला तर मूल हसतं-खिदळतं तसंच राहतं, फक्त हातातलं काम सुटत नाही. डोस जास्त झाला तर ते गप्पगप्प, कोरडं, आपल्यातच असल्यासारखं होतं. यातली खोच अशी की त्या जास्तीच्या डोसवरही गुण उत्तम येऊ शकतात. शाळा खूश, घर खूश, आणि मुलाला मात्र आपण कुठेतरी मागे राहिल्यासारखं वाटत असतं. म्हणून गुणांवरून डोस ठरवता येत नाही.

डॉक्टर अनेकदा चष्म्याचं उदाहरण देतात. नजर अधू असली की आपण चष्मा लावतो, तशीच ही गोळी. लाज घालवायला उदाहरण चांगलं आहे. पण चष्म्यानं भूक मरत नाही, झोप उडत नाही आणि डोळे तपासायच्या खुर्चीतच नंबर कळतो. या औषधाचा डोस आठवड्यामागून आठवडे, थोडा वर थोडा खाली करत बसवावा लागतो, आणि तो बसला की नाही हे घेणाऱ्यालाच विचारावं लागतं. ते कुणी विचारलंय का त्याला? पत्रावरून वाटतं, नाही.

विचारताना 'कसं वाटतं?' असं मोघम विचारू नका. सतरा वर्षांचा मुलगा त्यावर खांदे उडवण्यापलीकडे काही करणार नाही. वेळ विचारा. शाळेत मधल्या सुट्टीच्या आसपास कसं असतं? दुपारी? संध्याकाळी घरी आल्यावर? गोळी चांगली भरात असते त्या तासांत तो कोरडा पडत असेल, तर डोस कमी करून पाहण्यासारखा आहे. औषध उतरत असताना तासभर चिडचिड, रडवेलेपणा, कशातच गोडी नाही, असं होत असेल तर ते वेगळं. त्यावर गोळीची वेळ किंवा प्रकार बदलणं हा उपाय असू शकतो. आणि दिवसभर तसंच वाटत असेल, गोळी थुंकून टाकली त्या दिवशीही, तर गोळीवर राग काढून उपयोग नाही. मग मूळ शोधावं लागेल. एडीएचडीच्या जोडीला चिंता किंवा उदासी असणं अजिबात दुर्मीळ नाही, विशेषतः या वयात.

गोळी थुंकलेल्या दिवसांचं काय झालं, हा तर माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यांत मोलाचा भाग आहे. त्या मुलानं नकळत स्वतःवर एक प्रयोग करून ठेवलाय. डझनाहून जास्त दिवस तो गोळीविना शाळेत गेला आणि तुम्हाला कुणाला कळलं नाही. किंवा कळलं, पण तुम्ही ते दुसऱ्या कशावर ढकललंत. ते दिवस कसे गेले हे फक्त त्याला माहीत आहे. मित्रांत मजा आली, पण वर्गात काय झालं? कोणता विषय निभावला, कोणता हातचा गेला? कुणाशी भांडण झालं का? ओरडा न खाता हे सांगायची मुभा त्याला द्या. "मी रागावणार नाही, मला फक्त कळायला हवं," एवढं म्हणा आणि खरोखर रागावू नका.

आणि हे सगळं डॉक्टरांना सांगा, पुढच्या तारखेची वाट न पाहता. कारण त्यांच्या लेखी मुलगा रोज पूर्ण डोस घेतोय. उद्या शाळेतून तक्रार आली तर औषध कमी पडतंय असं समजून ते डोस वाढवतील, आणि तो मुलगा एखाद्या दिवशी तुमच्या धाकानं ती वाढीव गोळी खरोखर गिळेल. एरवीही या औषधांवर असताना वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब ठरावीक काळानं मोजायचे असतात. भूक मेलीय का, झोप लागते का, हे विचारायचं असतं. हे होत नसेल आणि चिठ्ठी नुसती पुढे चालू राहत असेल, तर तुम्ही आग्रह धरा.

'तू बोअर झालास' हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका, असं मला आवर्जून सांगायचंय. टोमणा सुचला की तोंडातून निघालाच, बाईंनी पाठ फिरवली की वर्ग हसवलाच, ही त्याची वर्गातली ओळख असणार. गोळीनं सुचणं आणि बोलणं यांच्यामध्ये क्षणभराची फट पडते. त्या क्षणात कधी शहाणपण सुचतं, तर कधी विनोद शिळा होऊन जातो. शिक्षकांना तो सुधारला असं वाटतं आणि मागच्या बाकावरचे मित्र त्याला मुकतात. सतराव्या वर्षी हे नुकसान खरंखुरं असतं. 'असले मित्र हवेतच कशाला' असं म्हणालात तर दार बंद झालंच म्हणून समजा.

पर्याय काय आहेत? तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त. डोस कमी करता येतो. एकच मोठी गोळी जमत नसेल तर तीन-चार तास काम करणारा छोटा प्रकार असतो, तो ज्या वेळी खरी गरज तेवढ्यापुरता घेता येतो. मेथिलफेनिडेट मानवत नसेल तर याच गटातलं दुसरं औषध, किंवा उत्तेजक गटाबाहेरचं अ‍ॅटोमॉक्सेटिन असतं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या काळात मुलांच्या मनःस्थितीवर, विशेषतः आत्मघाताच्या विचारांवर बारीक लक्ष ठेवावं लागतं. आणि काही काळ औषध थांबवून पाहणं हाही पर्याय आहे, त्यात बंडखोरी काही नाही. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शन करणारी नाइस ही संस्था २०१८ च्या सूचनांत डॉक्टरांना सांगते की औषधाचा वर्षातून किमान एकदा पूर्ण आढावा घ्यावा आणि ते थांबवून किंवा कमी करून पाहण्याचा विचार करावा.

थांबवायचं तर ठरवून, डॉक्टरांना विचारून, आणि साध्या दिवसांत. सुट्टीत थांबवलं तर काहीच कळत नाही, कारण सुट्टीत त्याच्याकडून कुणी काही मागत नसतं. परीक्षेच्या आठवड्यात थांबवणं म्हणजे विषाची परीक्षा. मधले दोन-तीन नेहमीचे आठवडे धरा. शाळेत एका विश्वासाच्या शिक्षकांच्या कानावर घाला. रोज रात्री मुलानं स्वतः दोन ओळी लिहाव्यात, काय जमलं, काय निसटलं. तुम्ही त्या मागायच्या नाहीत; त्या डॉक्टरांसाठी आहेत. मेथिलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी ओसरतो, त्यामुळे फरक पाहायला फार थांबावं लागत नाही. (हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी : एडीएचडीसाठीच दिलं जाणारं क्लोनिडिन किंवा ग्वानफॅसिन हे वेगळ्या गटातलं औषध चालू असेल तर ते असं एकदम बंद करू नका. रक्तदाब उसळू शकतो. ते टप्प्याटप्प्यानंच कमी करतात.) त्या आठवड्यांनंतर मुलगा म्हणाला, 'शाळेच्या दिवशी घेईन, पण शनिवारी-रविवारी नको', आणि डॉक्टरांना ते चाललं, तर तुम्हालाही चालू द्या.

तोवर घरातली गोळ्यांची व्यवस्था बदला. बाटली कुलपात. विल्हेवाट लावायच्या गोळ्या, म्हणजे तोंडातून काढलेल्या त्या, परत बाटलीत टाकू नका आणि कचऱ्याच्या डब्यातही नको. औषधविक्रेत्याला विचारा, त्याची रीत असते. गोळी हातावर ठेवायचं थांबवून आठवड्याच्या गोळ्या वारांच्या डबीत भरून त्याच्याकडे द्यायला डॉक्टरांची हरकत नसेल, तर तसं करून पाहा. घेतली नाही तर डबीत राहू दे, लपवू नको, एवढा एकच नियम. आठवड्याच्या शेवटी डबीत तीन गोळ्या उरल्या तर तीन उरल्या. निदान तुम्हाला, त्याला आणि डॉक्टरांना एकच आकडा माहीत असेल. आणि छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, नसलेले आवाज ऐकू येणं, जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा, यातलं काहीही झालं तर डबी, नोंदी, आढावा सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घराण्यात कुणाचा तरुणपणी अचानक हृदयविकारानं मृत्यू झाला असेल आणि तुम्ही ते अजून सांगितलं नसेल, तर तेही सांगा.

आता मुलगी. तिला वाटतं गोळी लागू पडली हाच पुरावा. तो पुरावा नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसलाही त्रास नसलेल्या १४ लहान मुलांना अशाच एका उत्तेजक औषधाचा, डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामाइनचा, एक डोस दिला. त्यांचीही चुळबुळ कमी झाली, त्यांचंही लक्ष जास्त लागलं. म्हणजे एडीएचडी असो वा नसो, ही औषधं पुष्कळांना सलग बसवतात. सलग बसून झालेलं काम चांगलंच असतं असंही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० निरोगी प्रौढांना एक किचकट कोडं दिलं होतं : ठरावीक वजनाच्या पिशवीत कोणत्या वस्तू भरल्या तर एकूण किंमत जास्तीत जास्त होईल. मेथिलफेनिडेटसारखी औषधं घेतल्यावर ते जास्त वेळ झटले, जास्त खटपट केली, आणि उत्तरं मात्र कमी दर्जाची आली. तिच्या प्रोजेक्टचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. तिला विचारून पाहा, चिमटा न काढता.

व्हिडिओंबद्दल : टिकटॉकवरच्या एडीएचडीविषयीच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० व्हिडिओंची तपासणी करणारा एक अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यातले ५२ दिशाभूल करणारे निघाले. किल्ली विसरणं, कंटाळवाण्या भाषणात मन भरकटणं, आदल्या रात्रीपर्यंत काम टाळणं, हे कुणाला होत नाही?

आणि तरीही, ताई, तिचं म्हणणं खूळ म्हणून झटकू नका. माझ्या मते ती बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे, फक्त तिनं दाखवलेला पुरावा चुकीचा आहे. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो ७० टक्क्यांच्या वर निघतो. सख्ख्या भावाला असेल तर बहिणीला असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्तच. शिवाय मुलींमध्ये धावपळ-दंगा कमी आणि आतल्या आत हरवणं जास्त दिसतं. वर्गात कुणाला त्रास न देता खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी कुणी डॉक्टरांकडे नेत नाही. ती हुशार असेल तर शाळा तशीच पार पडते. तुटतं ते पुढे, जेव्हा वेळापत्रक आखून देणारं कुणी नसतं आणि चार प्रोजेक्ट एकदम येतात.

एकविसाव्या वर्षी एडीएचडी सहसा नव्यानं उपटत नाही, एवढ्यापुरती बाबांची शंका मात्र बरोबर आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये काढलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. त्याआधीच्या निकषांत ही मर्यादा ७ वर्षांची होती. वय १७ किंवा जास्त असेल तर लक्ष न टिकण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच हवीत, लहान मुलांमध्ये सहा. ती किमान सहा महिने टिकलेली हवीत आणि त्यांनी आयुष्यात खरी अडचण केलेली हवी. रक्ताची चाचणी किंवा मेंदूचा स्कॅन करून हे निदान होत नाही. कुणी तसं सांगत असेल तर दुसरा दवाखाना बघा.

म्हणून तिच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाच्या साक्षीदार तुम्ही आहात. तिची प्राथमिक शाळेतली प्रगतिपुस्तकं काढा आणि गुणांकडे न बघता शेरे वाचा. 'हुशार आहे पण लक्ष देत नाही', 'गृहपाठ अपूर्ण', 'निष्काळजीपणे चुका करते' असं वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या शिक्षकांच्या हातचं आलं असेल, तर ते डॉक्टरांना व्हिडिओंपेक्षा फार जास्त सांगेल. असं काहीच नसेल आणि गाडी गेल्या वर्षा-दोन वर्षांतच घसरली असेल, तर आधी दुसरीकडे पाहावं लागेल. झोप किती होते, चिंता, उदासी, थायरॉइड, रक्तातलं लोह, कुठलं व्यसन, न आवडणारा अभ्यासक्रम. यातल्या कशानंही माणूस विसरभोळा आणि सैरभैर होतो, आणि त्यातल्या काहींवर उत्तेजक गोळी दिली तर प्रकरण बिघडतं. विशेषतः कधी दिवसच्या दिवस झोप न लागता उत्साह उसळल्यासारखं झालं असेल, तर ते सांगणं फार गरजेचं आहे.

डॉक्टरांची वेळ तिनं स्वतः घ्यावी. ती सज्ञान आहे, तपासणी तिची आहे. शक्यतो भावाच्याच डॉक्टरांकडे, पण वेगळ्या दिवशी. तिनं बोलावलं तर तुम्ही जा, लहानपणाबद्दल विचारलं तेवढं सांगा आणि खोलीबाहेर बसा. भावाच्या गोळ्या घेतल्या होत्या, किती आणि कधी, हे तिनं तिथे लपवू नये. डॉक्टरांनी अशी कबुली पुष्कळदा ऐकलेली असते, आणि ते ऐकल्याशिवाय तिच्या 'त्या रात्री मला जमलं' याचं ते वजन करू शकणार नाहीत.